तक्रार: मोटर गोंधळली आहे

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो. ते आपोआप साचतात, आणि एक दिवस लक्षात येतं की टेबलावर कामापेक्षा किस्सेच जास्त झालेत!

नगरच्या एमआयडीसीत सर्व्हो मोटर दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये मी काम करते. एका मोटर कंपनीची एजन्सीही आमच्याकडं आहे, म्हणजे नव्या मोटरी विकतोही. आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक मोटरला दोऱ्यानं पुठ्ठ्याचा एक टॅग बांधलेला असतो. त्यावर गिऱ्हाइकानं तक्रार लिहायची. मोटर बरी होऊन गेली की टॅग मी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवते. खिळा भरला की दुसरा खिळा. सध्या चौथा चालू आहे.

परवा वर्कशॉपवर आलेली माझी बहीण म्हणाली, "तुझ्या कामात सांगण्यासारखं काय असतं गं? मोटरच ना?"

मी तिला नुसते टॅग वाचून दाखवले. 'मोटर रुसली.' 'सकाळी चांगली असते.' 'फिरते पण मनापासून नाही.' आणि माझा सगळ्यात लाडका, 'मोटर गोंधळली आहे.'

"मग तू काय केलंस?" बहिणीनं विचारलं.

"काय करणार? उघडून बघितली, आणि मीपण गोंधळले!"

आधी एवढं सांगते, म्हणजे पुढं अडायचं नाही. विहिरीवरची साधी मोटर बटण दाबलं की फिरते, बंद केलं की थांबते. सर्व्होला मात्र सांगावं लागतं: एवढीच फीर, एवढ्याच वेगानं फीर आणि बरोबर इथंच थांब. केसाएवढीही चूक नको! तिच्या पाठीला एन्कोडर असतो. मोटर आत्ता कुठं आहे ते तो सतत सांगत राहतो. आणि हुकूम सोडतो तो ड्राइव्ह, म्हणजे पॅनेलमधला डबा. मोटर, एन्कोडर आणि ड्राइव्ह या तिघांचं जमलं तर संसार सुखाचा. नाही जमलं की ते आमच्याकडं!

आमच्याकडं म्हणजे तिघं. मालक तांबे सर. वायंडिंग, म्हणजे मोटरीत तांब्याची तार भरायचं काम करणारे गफूरचाचा, ज्यांचं अर्धं आयुष्य पंपाच्या मोटरी भरण्यात गेलं. आणि मी, वैशाली.

*

माझा पहिला आठवडा. चाचाही तेव्हा सर्व्होला नवीनच. एक मोटर त्यांनी भरून, वार्निश वाळवून बेंचवर ठेवली होती. सर बाहेर गेलेले.

चाचा म्हणाले, "बेटा, फिरवून बघायची का?"

मोटरमधून तीन वायरी बाहेर आलेल्या. भिंतीवर थ्री फेजचा सॉकेट. माझा डिप्लोमा इलेक्ट्रिकलचा. मी म्हटलं, "तीन वायरी, तीन फेज. यात विचार काय करायचा?"

जोडलं. स्विच टाकला.

मोटर फिरली नाही. ती जागच्या जागी थरथरली, हंबरली, आणि बेंचवरून अशी उडाली की चाचा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला! फ्यूज गेला, दिवे गेले. तेवढ्यात दारात तांबे सर.

त्यांनी मोटर उचलली, फडक्यानं पुसली आणि शांतपणे सांगितलं, "हिला थेट लाईट द्यायची नसते. आधी ड्राइव्हला सांगायचं. ड्राइव्ह तिचा कल बघणार, एन्कोडरला विचारणार, मग तिला झेपेल तसा करंट देणार."

चाचांनी बराच वेळ विचार केला.

"म्हणजे ही मोटर नाही, सर," ते म्हणाले. "हा जावई आहे! थेट बोललेलं चालत नाही, मधे मध्यस्थ लागतो!"

*

राहात्याला गाडेकरभाऊ म्हणून आहेत. दुधाच्या पिशव्या भरायचं त्यांचं मशीन. पिशवी ओढणारी मोटर आम्ही दिलेली. एक दिवस त्यांचा फोन. आवाज चढलेला.

"मॅडम, तुमी आमाला फसवलं! मोटरच्या प्लेटवर टॉर्क दोनदा लिवलाय. एका ठिकानी दोन पॉइंट चार, दुसऱ्या ठिकानी सात पॉइंट दोन. खरं कुठलं?"

मी म्हटलं, "दोन्ही खरं, भाऊ. टॉर्क म्हणजे पिळायची ताकद. रेटेड दोन पॉइंट चार, पीक सात पॉइंट दोन."

"एका मोटरची ताकद दोन कशी?"

मी समजावायला गेले. रेटेड म्हणजे दिवसभर न तापता देता येते ती. पीक म्हणजे दोन-तीन सेकंद जीव तोडून देता येते ती. पिशवी ओढायला सुरुवात करताना पीक, मग रेटेड. मी जितकं सांगत गेले तितके ते जास्त गोंधळत गेले. शेवटी चाचांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"गाडेकरभाऊ, साखरेचं पोतं उचलता का?"

"उचलतो की."

"दिवसभर उचलून धराल?"

पलीकडून हळूच आवाज आला, "हां... हां! आलं ध्यानात. मंजे आमच्या सुपरवायझरसारखं झालं हे. मुलाखतीला पीक, आन कामावर आल्यावर रेटेड!"

*

याच गाडेकरभाऊंची दुसरी मोटर दोन महिन्यांनी आली. टॅगवर एकच शब्द: 'आंबली.'

आम्हाला वाटलं, लिहिताना चूक झाली असेल. 'थांबली' लिहायचं असेल. चाचांनी पुढचं झाकण काढलं आणि मान मागं घेतली. आत पांढरं, घट्ट. बोटाला लावून त्यांनी वास घेतला.

"बेटा, हे दही आहे."

खरंच दही! मोटरमध्ये उत्तम विरजण लागलं होतं. फोन लावला.

"भाऊ, मोटरमध्ये दूध कसं गेलं?"

"मशीनमधी पिशव्या फुटत्यात, आन संध्याकाळी बाया पाइपानं मशीन धुत्यात. पन मोटर वॉटरप्रूफ हाय! तुमच्याच कागदावर लिवलंय, आयपी पासष्ट."

मी कागद काढला. लिहिलेलं होतं. खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती: शाफ्टची जागा सोडून. म्हणजे जिथून दांडा बाहेर येतो, तिथं वेगळं रबरी सील लावून घ्यायचं. यांनी ते मागवलंच नव्हतं. आणि त्यांच्या मशीनवर मोटर उभी, दांडा वर. दूध सरळ आत.

मी ओळ वाचून दाखवली.

"मॅडम, रागावू नका," गाडेकरभाऊ म्हणाले, "पन ह्यो कागद लिवनाऱ्याला एक विचारायचं हाय. समदं अंग झाकलं आन डोकं उघडं ठिवलं, तर त्याला रेनकोट म्हनत्यात का?"

मी तो प्रश्न मोटर कंपनीला जसाच्या तसा ईमेल केला.

*

हा अगदी छोटा.

सुप्याच्या एका कारखान्यातले मेन्टेनन्सवाले आणि तांबे सर फोनवर. विषय एवढाच की मोटर घड्याळाच्या दिशेनं फिरवायची की उलट. सर म्हणतात घड्याळाच्या, ते म्हणतात उलटी फिरतेय. तीनदा सेटिंग बदललं. जे सर सांगतील त्याच्या उलट तिकडं दिसे! वीस मिनिटांनी मला शंका आली. मी म्हटलं, "सर, ते कुठल्या बाजूनं बघतायत ते विचारा."

सर समोरून, दांड्याकडून धरून चालले होते. ते मशीनच्या मागं उभे राहून, एन्कोडरकडून बघत होते. दोघंही बरोबर!

सर म्हणाले, "ठीक आहे, घड्याळ सोडा. देवळात प्रदक्षिणा घालतो, तशी फिरतेय का?"

तिकडून थोडा विचार करून उत्तर आलं, "साहेब, देव कुठं धरायचा?"

*

काष्टीचे दरेकर मोटर खांद्यावर घेऊन आले. पशुखाद्याच्या पोत्यांचं त्यांचं मशीन. त्यात एक जड जबडा वर-खाली करणारी ही मोटर.

"जाम हाय मॅडम. पाइप पाना लावला, दोघं लोंबकाळलो, हालंना! डिझेल पाजलं, दोन दिस भिजत ठिवली. तरीबी न्हाई!"

चाचांना डिझेल ऐकवेना. त्यांनी मोटरकडं बघून नुसती जीभ चावली.

मी मोटर पुसली, पाठीमागच्या दोन बारीक वायरींना चोवीस व्होल्ट दिले. टक् असा आवाज झाला. दांडा दोन बोटांनी फिरवला. लोण्यासारखा!

दरेकर डोळे फाडून बघत राहिले. मी वायर काढली. टक्. दांडा जाम. पुन्हा लावली. मोकळा.

"दादा, मोटर जाम नव्हती. हिच्यात ब्रेक आहे. करंट दिला की सुटतो, करंट गेला की लागतो. तुमच्याकडं ब्रेकची वायर तुटली होती, म्हणून तो सुटतच नव्हता."

दरेकरांनी स्वतःच्या हातानं दोनदा करून बघितलं. कपाळाला आठी.

"करंट गेल्यावर लागतो?"

"हो."

"मंजे लाईट आसली की ब्रेक न्हाई, आन लाईट गेली की ब्रेक?"

"हो. लाईट गेली तर तो जड जबडा कुणाच्या हातावर पडू नये म्हणून."

ते स्टुलावर बसले. पाणी प्यायले. आणि अगदी मनापासून म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं लाईट गेली की समदंच थांबतंय. गिरनी थांबती, पंखा थांबतो, मास्तर थांबत्यात. त्येला कुनी पेशल ब्रेक बसवला न्हाई!"

*

मध्यंतरी जिल्ह्याचं नाव बदललं. माणसांना सवय होते. कॉम्प्युटरला वेळ लागतो.

आमच्या लेनपासून चार किलोमीटरवर कुरिअरवाल्याचं गोडाऊन. एका कारखान्यानं आमच्यासाठी मोटर पाठवलेली, फार तातडीची. त्यांची अख्खी लाईन बंद. मी मोबाईलवर ट्रॅकिंग उघडलं. लिहिलेलं होतं, 'पार्सल अहमदनगर येथे पोचले.' वा! मी चाचांना सांगितलं, जागा करून ठेवा.

तासाभरानं पुन्हा बघितलं. 'पार्सल अहमदनगरहून अहिल्यानगरकडे रवाना.'

मी दोनदा वाचलं. सरांना दाखवलं. सरांनी चष्मा लावून वाचलं. मग आम्ही फोन केला.

कुरिअरवाला म्हणाला, "हां मॅडम, तुमचं पार्सल वाटेत आहे."

"कुठल्या वाटेत? कुठून निघालं?"

"अहमदनगरहून."

"कुठं चाललंय?"

"अहिल्यानगरला."

"दादा, तुम्ही आत्ता कुठं बसलायत?"

"गोडाऊनमधी."

"आणि पार्सल?"

"हे काय, माझ्या समोरच हाय."

"मग द्या ना! मी स्कूटरवर येते."

तो बिचारा खरंच अडचणीत आला. आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, गाडी निघाली न्हाई हे खरं हाय. पन कॉम्प्युटरच्या हिशेबानं पोचायला दोन दिस लागतील!"

*

आमच्या समोरच्या शेडमध्ये पंपाचे सुटे भाग कापणारं एक सीएनसी मशीन आहे. त्याला तीन सर्व्हो मोटरी. ते चालवते सिंधूताई. जेऊरकडून रोज येते. बोलणं कमी, हात पक्का.

मशीनच्या पडद्यावर सूचना आली की एन्कोडरची बॅटरी संपत आलीय. त्यांचे इलेक्ट्रिशियन शिंदे फार शिस्तीचा माणूस. त्यांनी मेन स्विच बंद केला, कुलूप घातलं, 'काम चालू' ची पाटी लावली, हातमोजे घातले, बॅटरी बदलली. मशीन चालू केलं, आणि पडदा लाल! तिन्ही मोटरी आपण कुठं आहोत तेच विसरल्या. झीरो, म्हणजे जिथून सगळं मोजायचं ती जागा, हरवली. संध्याकाळी माल घ्यायला गाडी येणार होती.

सर आणि मी धावत गेलो. सर म्हणाले, "शिंदे, लाईट बंद असताना मोटरची आठवण ही बॅटरीच धरून ठेवते. ती बदलताना लाईट चालू ठेवायची असते."

शिंदे पांढरेफटक पडले. पण त्यांनी मशीनचं पुस्तक आणलं. एका पानावर होतं: बॅटरी बदलताना वीज बंद करू नये. दोन पानं पुढं होतं: पॅनेलचं दार उघडण्यापूर्वी वीज बंद करावी.

"बॅटरी दाराच्या आत आहे, सर," शिंदे म्हणाले. "दार न उघडता कशी बदलू?"

सरांनी दोन्ही पानं वाचली. पुन्हा वाचली. मग पुस्तक मिटून माझ्याकडं दिलं. मीही वाचलं. शिंदे कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. एवढ्या वर्षांची शिस्त, आणि तीच नडली!

तेव्हा सिंधूताई पुढं आली. "सर, मी एक सांगू का? तिला आठवत नसंल, पन मला आठवतंय."

तिनं मशीनचं झाकण सरकवलं. तिन्ही सरकत्या भागांवर, आणि त्यांच्या समोरच्या पट्टीवर, एकेक बारीक लाल रेघ. समोरासमोर.

"हे काय?"

"नेलपॉलिश. रोज सकाळी मशीन झीरोला आलं की रेघंला रेघ लागती का बघते. आकड्यावर माझा इस्वास न्हाई."

सरांनी मशीन हळूहळू सरकवलं. सिंधूताई वाकून बघत होती. "अजून. अजून थोडं. बास!" तिन्ही रेघा जुळवल्या, तिथं झीरो टाकला, मग मोजमापाचा डायल लावून राहिलेला बारीक फरक काढला. पहिला नग कापला. मोजला. पास! शिंद्यांनी सिंधूताईला हात जोडले. ती लाजून मशीनमागं गेली.

तेव्हापासून तांबे सरांच्या टूलकिटमध्ये पाने आणि मीटरच्या शेजारी लाल नेलपॉलिशची बाटली असते. एकदा ती घरी सरांच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या हाताला लागली. सरांनी काही लपवलं नाही, खरं तेच सांगितलं: "सिंधूताई म्हणून एक आहे, तिनं सुचवलं."

त्यानं प्रकरण आणखीच वाढलं!

*

आता पुणतांब्याचा.

सुलभाताई जाधव. घराला लागून पत्र्याची शेड, त्यात कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन. शाळेच्या गणवेशांवर नावं, लग्नाच्या ब्लाउजवर वेलबुट्टी. मिस्टर शेतीत, मशीन सगळं हिच्या हातात. सुया वर-खाली करणारी सर्व्हो मोटर आमच्याकडून गेलेली.

तिचा फोन आला. "ताई, मोटर रोज चारला बंद पडती."

"चार वेळा?"

"चार वाजता! घड्याळ लावून घ्या. पडद्यावर येतं 'एन्कोडर एरर'. बंद करून चालू केलं की परत चांगली. पन धागा तुटतो, कापड वाया जातं. काल नवरीचं नाव भरत हुते, 'प्रतीक्षा'. 'प्रती'वर थांबली!"

लग्न तीन आठवड्यांवर. चाळीस ब्लाउज. मी तिला व्हिडिओ कॉलवर मोटर काढायला शिकवली. दुसऱ्या दिवशी ती स्वतः रेल्वेनं नगरला आली. सहा किलोची मोटर मऊ टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर. गाडीत शेजारच्या बाईनं हळू आवाजात विचारलं म्हणे, "झोपलंय का?"

सुलभाताई म्हणाली, "व्हय. चारला उठतंय!"

आम्ही मोटर बेंचवर चढवली. दोन दिवस सलग फिरवली. दोन्ही दिवशी चारला आम्ही तिघं भोवती उभे. काही नाही! एन्कोडर स्वच्छ, बेअरिंग गप्प. ती मोटर घेऊन गेली. बसवली. चार वाजले. एरर!

सरांनी केबल बदलून पाठवली. चारला एरर. ड्राइव्ह बदलला. चारला एरर. शेवटी सरांनी आपली नवी कोरी मोटर बसवायला दिली. तीसुद्धा चारला थांबली! म्हणजे दोष मोटरचा नव्हताच. मग कुणाचा?

मग चारला गावात असं काय चालू होतं की विजेत गडबड होते, ते आम्ही शोधायला लागलो. गिरणी सकाळची. त्या वेळेला रेल्वे नाही. वेल्डिंगवाला पलीकडच्या गल्लीत, तोही दुपारी घरी झोपतो. सरांनी जाऊन नवं अर्थिंग करून दिलं, खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून. चारला एरर.

ब्लाउज सव्वीस व्हायचे राहिले होते. सुलभाताईचा आवाज फोनवर बारीक झालेला. "ताई, मशीन घेतलं तवा समदे म्हनले हुते, बाईला झेपायचं न्हाई. आता तेच बघायला येत्यात चारला. दारात उभी ऱ्हात्यात."

मला राहवेना. मी आणि चाचा सकाळच्या गाडीनं पुणतांब्याला गेलो. मीटर लावले. मशीन चालू. पावणेचार झाले. दारात खरंच पाच-सहा माणसं जमली. सुलभाताईला काही सुचेना. पाहुणे आलेत म्हणून तिनं आत जाऊन चहा टाकला. चारला पाच कमी असताना चाचांच्या हातात कप दिला. चाचांनी गरम कप मशीनच्या फळीवर टेकवला आणि घड्याळाकडं बघत बसले.

चार. चार वाजून एक. चार वाजून दहा. मशीन चालूच! दारातली माणसं हळूहळू पांगली. एक जण तर नाराज दिसला.

आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी साडेचारला फोन. "ताई, आज परत थांबली."

तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. पुन्हा चहा, पुन्हा कप फळीवर. पुन्हा काही नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला तो वेगळाच. सुलभाताई अडखळत बोलत होती.

"ताई, हसू नका. आज तुमी नव्हता. म्हनलं काय करावं... चारला पाच कमी असताना एक कप चहा केला आन फळीवर ठिवला. चाचा ठिवत्यात तिथंच."

"मग?"

"चालू हाय. अजून चालू हाय!"

तांबे सर विज्ञानाचे माणूस. ते म्हणाले, "चहा करायला ती उठते, मशीनला विश्रांती मिळत असेल." म्हणून एक दिवस चहा न करता, चारच्या आधी दहा मिनिटं मशीन बंद ठेवायला लावलं. सुरू केलं, एरर! "मग कपाची उष्णता असेल." गरम पाण्याचा कप ठेवायला लावला. एरर! चहा ठेवला, चालू.

चाळीसच्या चाळीस ब्लाउज लग्नाच्या आदल्या दिवशी पोचले. 'प्रतीक्षा' पूर्ण झाली. सुलभाताईच्या दारात आता चारला कुणी उभं राहत नाही.

राहता राहिला सर्व्हिस रिपोर्ट. नवी मोटर आणि ड्राइव्ह वापरले, म्हणजे मोटर कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसला रिपोर्ट द्यावाच लागतो. त्यात दोन रकाने: कारण आणि उपाय. सर अर्धा दिवस त्या कागदासमोर बसले. खोटं लिहायची त्यांना सवय नाही. शेवटी त्यांनी 'कारण' समोर लिहिलं, 'समजले नाही.' आणि 'उपाय' समोर लिहिलं, 'दुपारी ३.५५ वाजता एक कप चहा.' सही केली, शिक्का मारला, पाठवलं. आम्ही म्हटलं, आता आपली एजन्सी जाणार.

आठ दिवसांनी पुण्याहून सर्व्हिसच्या मोठ्या साहेबांचा फोन आला. सरांनी श्वास घेतला, फोन स्पीकरवर टाकला. आम्ही तिघं टेबलाभोवती.

साहेबांनी आधी इकडचं तिकडचं विचारलं. मग तिकडं दार लावून घेतल्याचा आवाज आला. आणि अगदी दबक्या आवाजात ते म्हणाले,

"तांबे साहेब, तुमचा रिपोर्ट वाचला. आमच्याकडं चाकणला एक मशीन आहे, रोज अकराला अडतंय, पाच महिने झाले... एवढंच सांगा, तो चहा कपात ठेवायचा की बशीत?"